त्याच्या तोंडात मी दिसते

मागं वळून बघायचं नाही. वाटेत कुणी भेटलं तर तोंडातून शब्द काढायचा नाही. आईनं उंबऱ्यातच बजावलं होतं.

मी बी.एस्सी. झालेली, सहावी-सातवीला विज्ञान शिकवणारी बाई. आणि त्या दिवशी दिवेलागणीला डोक्यावरून न्हाऊन, ओले केस मोकळे सोडून, उताऱ्याच्या दहीभाताची पत्रावळ घेऊन कुंभार पिंपळगावाबाहेर तीन वाटा मिळतात त्या तिकाटण्यावर उभी होते. श्रावणातली भुरभुर चालू होती. दोन्हीकडं डोक्याच्या वर गेलेला ऊस. वारा नव्हता, तरी आत काहीतरी सळसळत होतं... रानडुक्कर असेल, मी स्वतःला सांगितलं. पण ते सळसळणं मी थांबले की थांबत होतं.

हे सगळं लेकीसाठी. अन्वी चार वर्षांची. तिचे पप्पा, भागवत, मोटरसायकलच्या अपघातात गेले त्याला दीड वर्ष झालं; तेव्हापासून आम्ही दोघी माझ्या माहेरी, आईजवळ. आधी पोर ठीक होती. मग एक दिवस आई देवाजवळ दिवा लावत होती, तर अन्वी दाराजवळच्या कोपऱ्याकडं बघत म्हणाली, "तो आला."

"कोण गं?"

"तो. त्याला डोळे नाहीत. कपाळावर एकच आहे. लाल."

मग रोज दिवेलागणीला तेच. ती रडायची नाही, पळायची नाही. त्या रिकाम्या कोपऱ्यासमोर मान वर करून उभी राहायची, समोर कुणी उंच माणूस असल्यासारखी. मधूनच ताप यायचा. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. एकदा मी धीर करून विचारलं, "तोंड कसंय त्याचं?"

"काळं. चकचक." तिनं कोपऱ्याकडं बोट केलं. "आणि त्याच्या तोंडात मी दिसते."

आईच्या हातातली काडेपेटी खाली पडली. "गिळून बसलंय गं माय लेकराला..."

मग जवळच्या वाडीवरचा भगत आला. त्यानं आधी उतारा सांगितला. त्यानं भागलं नाही तर पोळ्याच्या अमावस्येला मिरच्यांची धुरी – दारंखिडक्या लावून, पोरीला मधे बसवून. मी भांडले, रडले, शेवटी आईला म्हणाले, उतारा मी टाकते, पण धुरीचं नाव काढायचं नाही. आई गप्प बसली. माझ्या आईचं गप्प बसणं म्हणजे होकार नसतो.

तर मी पत्रावळ खाली ठेवली, कणकेचा दिवा हाताच्या आडोशानं लावला, आणि तेवढ्यात घनसावंगीकडून एक मोटरसायकल आली. नेमकी माझ्यापाशी येऊन फुरफुरली आणि बंद पडली.

"ओ ताई... एकल्याच काहून उभ्या इथं?"

मी गप्प.

"कुण्या गावच्या? सोडू का गावात?"

मी गप्प. बोलले असते तर सगळं वाया. माझ्या केसांतून पाणी टपटपत होतं आणि खालून दिव्याचा उजेड तोंडावर येत होता.

"हे बघा," त्याचा आवाज बदलला, "मी काही वाईट मानूस न्हाई. मी आपला जातो. जल्दीच जातो..." किक. पुन्हा किक. पुटपुटत कुठल्याशा देवाचं नाव. गाडी सुरू झाली तसा तो सुसाट निघाला, आणि मी नजर वर केली.

माणूस पुढं चालला होता. तोंड मात्र माझ्याकडं होतं.

हिरवट, एका बाजूनं गळून पडलेलं तोंड. एक डोळा पांढरा फक्क. दात. आणि खड्ड्याखड्ड्याला ते हलत होतं, हो-हो म्हटल्यासारखं...

मी घरापर्यंत पळत आले. मागं वळून बघितलं नाही, पण नियम म्हणून नव्हे.

*

स्वातंत्र्यदिनाला शाळेत पोरांचा कार्यक्रम होता. शूटिंगला घनसावंगीहून कुणी परमेश्वर नावाचा माणूस आला होता. सावळा, दाढी राखलेला, रुमाल गळ्यात. कॅमेरा फिरवत फिरवत माझ्यापर्यंत आला आणि थांबला. कॅमेरा खाली केला. माझ्या पायांकडं बघू लागला.

"काय बघता हो?" मी म्हणाले.

"पाय." त्यानं श्वास सोडला. "सरळच हायत."

"म्हणजे?"

"तिकाटन्यावर तुमीच ना? पांढरी साडी, मोकळे केस–"

"साडी नव्हती. मोतिया ड्रेस होता."

"मॅडम, दिवेलागनीला मोतिया पांढराच दिसतो." आता त्याच्या डोळ्यांत हसू आलं. "तेच म्हनलं, सगळं बराबर जमून आलंय. सुनसान रस्ता, गाडी बंद, दिवा घेऊन उभी बाई, बोलना ना चालना. आता इंटरवल झालं की आपन मेलो. दोन दिवस ताप होता मला."

"मलाही होता," मी म्हणाले. "तुमच्या पाठीवरचं ते... काय होतं?"

"ते? ते आमचे वडील."

मी हसले. कित्येक महिन्यांनी, इतक्या मोठ्यानं, की ओळीतल्या पोरी वळून बघायला लागल्या.

मग त्यानं सांगितलं. वडील आबाराव तरुणपणी मुंबईला गेले होते. उंच, हाडापेरानं दांडगे. ऐंशीच्या दशकात कमी पैशातले भुताचे सिनेमे धडाधड निघायचे, त्यातल्या कितीतरी सिनेमांत भूत म्हणजे आबाराव. नाव पडद्यावर कधी आलं नाही. तोंडही नाही, कारण वरून रबर. परत आले तेव्हा गाठोड्यात दोन कपडे आणि ते तोंड. हल्ली कॉलेजवाले गॅदरिंगला मागून नेतात. त्या दिवशी ते परत आणताना, जागा नव्हती म्हणून मागच्या सीटवर बांधलं होतं.

अन्वी माझ्या ओढणीला धरून हे सगळं ऐकत होती. एकदम तिनं विचारलं, "तुझ्या बाबांचं तोंड काढता येतं?"

"येतं की. आतून गोंद लावल्याला असायचा, तवा जरा दुखायचं."

अन्वी विचारात पडली. "त्याचं निघत नाही," ती म्हणाली.

"कुनाचं गं?"

तिनं माझी ओढणी तोंडावर घेतली. परमेश्वरनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातावर काटा आला होता, तो त्यानं बघितला असणार. कारण त्यानं पुढं काही विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "रविवारी आखाड्यावर घेऊन या हिला. बाबाला लेकरं आवडतेत. आन् मॅडम... त्या दिवशी ताई म्हनलो ते धरू नका. भ्यालेल्या मानसाचं बोलनं असतंय."

*

त्यांचा आखाडा म्हणजे शेतातलं दोन खोल्यांचं घर, घनसावंगीच्या रस्त्याला. मी जाणार नव्हते. मी प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणते, मग रात्रभर जागून विचार करते. पण पोळा जवळ आला होता. आईनं वाळल्या मिरच्या उन्हात घालायला सुरुवात केली होती. बोलत काहीच नव्हती.

आबाराव बाजेवर बसले होते. वाकलेले, तरी उभे राहिले तर डोकं आढ्याला लागेल असे. आवाज मात्र गाईला चुचकारावं तसा मऊ. अन्वी त्यांच्या मांडीवर कधी जाऊन बसली कळलं नाही.

"भीती कशानं दाखवायची, पैसे तर नव्हते," ते सांगत होते. "धुकं म्हंजे शेगडीवर ऊद टाकायचा आन् पुठ्ठ्यानं वारा घालायचा. रगत म्हंजे शरबतात मैदा. मुंग्या लागायच्या वो मला! वीज म्हंजे एक गडी दिव्याम्होरं पत्रा हालवायचा. एकाच बंगल्याला चार बाजूनं धरून चार पिच्चर काढले. आन् वटवाघूळ काळ्या दोऱ्याला."

"लोक भ्यायचे?" मी विचारलं.

"बेसुमार. पर एक सांगू माय? त्या तोंडाच्या आत लई एकलं वाटायचं. बाहीरचं ऐकू यायचं न्हाई. मी आतून म्हनायचो, पानी द्या. लोकायला वाटायचं गुरगुरून राह्यलाय. सगळे पिच्चर संपले जाळून, त्रिशूळ मारून. ह्याचं तोंड काढून पाहू, आत कोन हाय, असं एकालाबी वाटलं न्हाई."

अन्वी त्यांच्या तोंडाकडं एकटक बघत होती.

परमेश्वर चहा घेऊन आला. मी चुलीजवळच्या भिंतीला टेकून उभी होते. तो हळूच म्हणाला, "तुमी सारख्या दाराकडं बघता. पळून जायचा विचार हाय का?"

"सवय आहे. कोण कुठून येतंय ते आधी बघून ठेवते."

"मंग मी कुठून आलो ते दिसलं न्हाई का?"

"तुमचं तोंडच उलटीकडं होतं..." मी म्हणाले, आणि कप तोंडाला लावला, नाहीतर हसू दिसलं असतं. बाहेर पत्र्यावर सर आली. त्या आवाजात मी त्याला सगळं सांगितलं. कोपरा, लाल डोळा, ताप, धुरी. तो मधे एकदाही 'असं काही नसतं' म्हणाला नाही. ज्यांची स्वतःची खात्री नसते तेच तसं म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

ऐकून तो उठला आणि बाहेरून ओल्या मातीचा गोळा घेऊन आला. गणपतीसाठी आमच्याच गावच्या कुंभाराकडून आणलेली माती. ती आबारावांसमोर ठेवली. "बाबा, अन्वीच्या त्याचं तोंड करा."

मी तिला उचलायला पुढं झाले. पण अन्वी उडी मारून खाली उतरली.

"नाक कसं करू?" आबारावांनी विचारलं.

"नाक नाही."

"कान?"

"नाहीत. नुसतं गोल. मोठ्ठं. इथून गुळगुळीत."

आबारावांचा अंगठा फिरत राहिला. नाक गेलं, गाल गेले, हनुवटी गेली. मातीचं ते डोकं पुसत पुसत अंड्यासारखं झालं. बाहेर पाऊस थांबला होता.

"इथं काळं," अन्वी म्हणाली. "इथं मी दिसते. आणि इथं..." ती माझ्याकडं आली. माझ्या कपाळावरची लाल टिकली तिनं नखानं काढली – रंगीत टिकली लावते म्हणून गावात मी दोन गोष्टी ऐकलेल्या होत्या – आणि मातीच्या कपाळावर दाबून बसवली.

आबाराव मागं सरले. "हे डोकं न्हाई, पोरी. हा तर टोप हाय."

मी मातीच्या त्या गोळ्याजवळ जाऊन बसले.

अपघाताच्या आदल्या दिवशी मीच नवं हेल्मेट आणलं होतं, काळ्या काचेचं. जुन्याला काच नव्हती आणि मला काळजी. अंधारात दिसावं म्हणून समोर लाल चमकणारी चकती मीच चिकटवली होती. सकाळी मी आत डबा भरत होते. भागवतना उशीर झाला होता. अन्वी पायरीवर होती. ते हेल्मेट घालूनच तिच्यापुढं वाकले असणार, गालाला गाल लावायला... आणि तिला त्या काळ्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं असणार. डोक्याला त्यांच्या ओरखडाही नव्हता. ते हेल्मेट पुन्हा घरी आलंच नाही. आणि त्यांचा फोटो मी पेटीत घालून ठेवला होता, पोरीला त्रास नको म्हणून.

"अन्वी," मी विचारलं, "तो कोपऱ्यात येऊन काय करतो गं?"

"काही नाही. उभाच राहतो." तिनं मातीवर बोट दाबलं. "तो टोप काढतच नाही. मी केव्हाची म्हणते..."

*

पोळ्याच्या संध्याकाळी बैल मिरवून घरी गेले. मी आईला सारं सांगून बघितलं होतं. आई म्हणाली, "हेल्मेट आसू दे न्हाईतर टोप आसू दे. आत जे हाय ते काढायलाच पाहिजे ना?" भगत ओसरीवर येऊन बसला. लोखंडी घमेल्यात निखारे तयार, शेजारी सुपात मिरच्या. मी अन्वीला कडेवर घेऊन दारात आडवी उभी. डोळे रस्त्याकडं.

परमेश्वर येतो म्हणाला होता. पण मला कुणी 'येतो' म्हणून गेलं की माझे हातपाय गार पडतात.

मोटरसायकलचा आवाज आला. मागं आबाराव, त्यांच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. आबारावांनी मातीच्या त्या गोळ्यावर कागदाचे थर चिकटवून, वाळवून, आतली माती काढून टाकली होती. वरून काळा रंग. काचेच्या जागी आरशाचा तुकडा. लाल टिकली माझीच.

"ह्ये काय घरात आनता?" आई ओरडली. "आमोशा हाय आज!"

"मावशी," परमेश्वर म्हणाला, "फक्त दिवा लागेपर्यंत. मंग तुमची धुरी हायच."

आई माझ्याकडं बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून बाजूला झाली.

त्यानं कोपऱ्यातल्या खुंटीवर आधी भागवतचा फोटो टांगला, मी पेटीतून काढून दिलेला. त्यावर तो टोप. दिवा लागला. अंधारात ते काळं तोंड चमकलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी तिथं खाली अंगही असल्यासारखं वाटलं. भगतसुद्धा उठून उभा राहिला.

अन्वीनं मान वर केली. "आला."

परमेश्वरनं तिला उचलून खांद्याशी धरलं. "काढ मंग. तुलाच काढावं लागंल."

तिनं आरशात स्वतःला बघितलं. बराच वेळ. मग दोन्ही हातांनी टोप धरला आणि उचलला.

भागवत हसत होते. लग्नानंतरचा, पैठणला काढलेला फोटो, डोळ्यांवर ऊन आलेला.

"पप्पा," अन्वी म्हणाली. मोठ्यानं नाही, हरवलेली चप्पल सापडावी तशी. फोटोच्या काचेवर गाल टेकवला. "आत गरम होत होतं का?"

कुणाच्या घशातून आवाज निघाला कळलं नाही. बहुतेक आईच्या.

मग अन्वी मागं सरली. रिकाम्या दाराकडं बघून तिनं हात हलवला. "गेले."

आणि बाहेर, रस्त्यावर, एक मोटरसायकल सुरू झाली. भागवतच्या गाडीला सायलेन्सरमधे एक खडखड होती, पातेल्यात खडा फिरावा तशी... तीच. आवाज घनसावंगीच्या बाजूला गेला, लहान झाला, मावळला. परमेश्वरची गाडी दारातच उभी होती. मी आईकडं बघितलं. आईनंही ऐकलं होतं. आम्ही त्याबद्दल एकमेकींशी अजून बोललेलो नाही.

आईनं तांब्या उचलला आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं. "पोळ्याचा दिवस हाय," ती भगताला म्हणाली. "पुरनपोळी खाऊन जा."

*

त्यानंतर ताप आला नाही. फोटो त्या खुंटीवरच आहे.

परमेश्वर येत राहिला. कधी शूटिंगची कॉपी द्यायला, कधी आबारावांनी दिलेली बोरं. मी एकदा म्हणाले होते, "हेल्मेट घालत जा हो, ऊसवाहतुकीचे दिवस आहेत." त्यानं दुसऱ्याच दिवशी घेतलं.

मी खिडकीतून बघत असते, ही माझी सवय. आमच्या घराच्या बऱ्याच अलीकडं एक बाभूळ आहे. तो तिथं थांबतो. गाडी बंद करतो, हेल्मेट काढून हँडलला अडकवतो, हातानं केस सारखे करतो आणि तिथून गाडी ढकलत दारापर्यंत आणतो. चिखल असो, धुकं असो. अन्वी दारात असो नसो. असं कर म्हणून मी त्याला कधीच सांगितलेलं नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खिडकीचा गज घट्ट धरला होता, आणि तो दारात येईपर्यंत सोडला नव्हता.

परवा शाळेतून येताना उशीर झाला. तिकाटण्यावर पोचले तेव्हा दिवेलागण झालेली. ऊस तुटून गेलेला, रान उघडं. मागून मोटरसायकल आली. थोडी अलीकडं थांबली, मग ढकलत माझ्यापाशी आली. मागच्या सीटवर ते हिरवं तोंड बांधलेलं.

"ओ ताई... एकल्याच काहून उभ्या इथं?"

"ताई?"

"मागला शॉट खराब झाल्ता. तुमी डायलॉगच बोलल्या न्हाईत. म्हनलं, पुन्हा घेऊ." हसत होता, पण हेल्मेट या हातातून त्या हातात करत होता. "कुण्या गावच्या? सोडू का गावात? म्हंजे... कायमचं म्हनून राह्यलो मी. आमच्या आखाड्यावर."

गावात दिवे लागत होते. कोण बघतंय, कोण नाही, हे बघायची सवय मला. त्या वेळी बघितलं नाही.

"गाव हेच," मी म्हणाले. "आणि एकली नाही. दोघी आहोत. दोघींना न्यायचं असेल तर विचारा."

"दुसरीला कालच विचारलं."

"आणि?"

"जवळ येऊन नाक ओढलं माझं. गाल ओढले. मंग आज्जीला सांगत गेली." त्यानं खाली बघितलं, मग माझ्याकडं. "म्हनली, चालतंय. याला तोंड हाय."

मला हसायचं होतं. ते जमलं नाही...

त्यानं दोऱ्या सोडून रबरी तोंड काढलं, सीट रुमालानं पुसली. "हे कुठं ठेवावं? मांडीवर घेताल?"

मी बसले. तोंड मांडीवर घेतलं नाही; काखेत धरलं, मागच्या रस्त्याकडं करून. गाडी निघाली. पाठीमागं काळोख भरत होता, तुटल्या उसाच्या बुडख्यांत काहीतरी सळसळलंही. मी वळून बघितलं नाही.

मागं बघायला ते तोंड होतं.